चाकोरी

माझ्याकडे मंगळाचा एक फोटो आहे, क्युरिऑसिटी रोव्हरनं फेब्रुवारी २०१४ मध्ये मागे वळून काढलेला. समोर वाळूचा एक उंचवटा, जेमतेम मीटरभर. त्याच्या अंगावरून उतरत थेट आपल्या पायाशी आलेल्या चाकांच्या दोन रेघा. उंचवट्यापलीकडे त्या दिसेनाशा होतात आणि दूर सपाटीवर, दोऱ्याइतक्या बारीक होऊन, पुन्हा वर येतात. जागेचं नाव डिंगो गॅप. नवं असं त्या फोटोत फारसं काही नाही; रोव्हर जिथून आला तीच जागा आहे. पण गेली कित्येक वर्षं माझा संगणक उघडला की आधी तोच दिसतो आणि अजून तो बदलावासा वाटलेला नाही.

रोव्हरनं पाठवलेले कच्चे फोटो नासा आल्या आल्या सगळ्यांसाठी खुले करते. झोपण्याआधी ते चाळायची सवय मला लागून आता बराच काळ झाला. घरातले म्हणतात, दगडच तर आहेत. खरंच, दगडच आहेत. कधी कधी सलग आठवडाभर एकच दगड, वेगवेगळ्या बाजूंनी. मी मात्र आधी मागच्या कॅमेऱ्याचे फोटो शोधते. आज गडी किती चालला, कुठे वळला, कुठे चाक घसरलं आणि त्यानं जागच्या जागी माती उकरली, सगळं त्या दोन रेघांत लिहिलेलं असतं.

या रेघांसाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: चाकोरी. गाड्यांची चाकं एकाच वाटेनं जाऊन जाऊन जमिनीत पडलेली खाच. शब्द इतका देखणा, पण आपण तो वापरतो नाक मुरडूनच. आयुष्य कंटाळवाणं असेल तर ते चाकोरीबद्ध, आणि कुणाचं कौतुक करायचं असेल तर त्याचं काम चाकोरीबाहेरचं. मंगळाचा विचार करताना मला हा शब्द त्याच्या जुन्या, मातीतल्या अर्थानं परत मिळाला. मंगळाचं क्षेत्रफळ जवळपास पृथ्वीवरच्या सगळ्या जमिनीएवढं आहे. त्यावर आजवर फिरलेल्या सगळ्या रोव्हरच्या वाटा एकापुढे एक जोडल्या तरी दीडशे किलोमीटर भरणार नाहीत. अख्खा ग्रहच चाकोरीबाहेर आहे. तिथे एक चाकोरी पडते, म्हणजे कुणीतरी खरोखर तिथवर गेलेलं असतं.

रोव्हर ‘चालवतात’ म्हटलं की वाटतं, कुणीतरी पडद्यासमोर बसून जॉयस्टिक फिरवत असेल. तसं करताच येत नाही. दोन्ही ग्रह एकमेकांपासून किती लांब आहेत त्याप्रमाणे संदेश पोचायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. पुढे खड्डा आहे हे इथे कळून ‘थांब’ म्हणेपर्यंत गाडी खड्ड्यात गेलेली असायची. म्हणून रोव्हरला दिवसभराचं काम लिहून देतात. अमेरिकेत पसाडेना इथल्या नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत चालक आदल्या दिवशीचे फोटो त्रिमित चष्म्यातून न्याहाळतात. कुठला दगड उंच आहे, कुठली वाळू फसवी आहे, याचा अंदाज घेतात आणि आदेशांची यादी बनवतात. मंगळावर सकाळ झाली की ती यादी रोव्हरच्या हाती पडते, आणि मग तो एकटा. काय झालं ते कळतं दिवस कलल्यावर, डोक्यावरून जाणारं एखादं यान त्याचे फोटो इकडे पोचवतं तेव्हा.

मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, त्याला ‘सोल’ म्हणतात. २००४ मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी हे जुळे रोव्हर उतरले तेव्हा सुरुवातीचे महिने ही माणसं मंगळाच्या घड्याळावर जगली. कामावर जायची वेळ रोज ४० मिनिटांनी पुढे सरकायची. आज सकाळी आठला गेलेला माणूस अडीच आठवड्यांनी रात्री आठला निघायचा. मंगळाच्या वेळेनं चालणारी मनगटी घड्याळं त्यांच्यासाठी मुद्दाम बनवून घेतली होती. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या घड्याळाचा हेवा वाटला होता, आणि ते घालणाऱ्याच्या घरच्यांची काळजीही.

आता खरी अडचण. आपण किती चाललो, हे रोव्हरला कसं कळतं? सोपं उत्तर: चाकाचे फेरे मोजून. पण वाळूत चाक फिरतं आणि गाडी जागची हलत नाही, हे वाळूत गाडी अडकलेल्या कुणालाही ठाऊक आहे. २६ एप्रिल २००५ ला ऑपॉर्च्युनिटीला ९० मीटर जायचा आदेश होता. सुमारे ४० मीटर तो नीट गेला. पुढे एका बुटक्या वाळूच्या लाटेत चाकं रुतली, पण ती फिरतच राहिली, उरलेल्या ५० मीटरचे फेरे पुरे होईपर्यंत. त्याच्या हिशेबात दिवसाचं काम झालं होतं. फोटो आले तेव्हा चाकं वाळूत गाडलेली. बाहेर पडायला ५ आठवडे लागले. त्या काळात चाकं जवळपास १९० मीटर जाण्याइतकी फिरली आणि रोव्हर सरकला जेमतेम एक मीटर. त्या जागेचं नाव पुढे पर्गेटरी पडलं; ख्रिस्ती कल्पनेत आत्मे सुटकेची वाट पाहत अडकून राहतात ती जागा.

यावरचा उपाय म्हणजे थोडं चालायचं, थांबायचं, फोटो काढायचे, आधीच्या फोटोंशी ताडून बघायचे आणि ठरवायचं की आपण खरंच हललो का. हे करताना मातीवरच्या खुणा लागतात. सपाट, एकसारख्या वाळूवर खुणा कुठून आणणार? म्हणून क्युरिऑसिटीच्या चाकांवर भोकांची एक नक्षी ठेवली आहे. चाकाचा एक फेरा झाला की वाळूत मोर्स लिपीतली तीन अक्षरं उमटतात. टिंब-रेघ-रेघ-रेघ, टिंब-रेघ-रेघ-टिंब, टिंब-रेघ-टिंब-टिंब. जे, पी, एल. ज्या प्रयोगशाळेनं त्याला घडवलं तिची आद्याक्षरं. दर दीड मीटरच्या आसपास तीच तीन अक्षरं, आणि दोन छापांमधलं अंतर मोजून रोव्हरला कळतं की आपण घसरतोय की चालतोय. जिथे ओळखीची एकही खूण नाही तिथे त्यानं आपल्याच पावलांना खूण करावं, ही कल्पना मला इतकी आवडते की मागच्या फोटोत मी ती टिंबं-रेघा बोटानं मोजत बसते.

खुणा नसल्या की काय होतं ते इंजेन्युइटीच्या बाबतीत दिसलं. पर्सिव्हिरन्स या रोव्हरच्या पोटाखाली बांधून नेलेलं हे छोटं हेलिकॉप्टर. पाचच उड्डाणं करायची असं ठरलं होतं, झाली ७२. खालची जमीन कॅमेऱ्यानं पाहत, तिच्यावरचे दगडगोटे धरून ते आपली गती ओळखायचं. १८ जानेवारी २०२४ ला ते वाळूच्या गुळगुळीत लाटांवर होतं. खाली धरावं असं काहीच नव्हतं. वेगाचा अंदाज चुकला, ते आदळलं आणि पाती मोडली.

पण या लेखाला मला बसवलं ते स्पिरिटनं.

गुसेव नावाच्या विवरात जानेवारी २००४ मध्ये तो उतरला, तेव्हा ९० सोल चालला तरी मोहीम यशस्वी असं ठरलेलं होतं. दोन वर्षांनी, मार्च २००६ मध्ये, त्याच्या पुढच्या उजव्या चाकाची मोटर बंद पडली. हिवाळा तोंडावर होता. दक्षिण गोलार्धातला हिवाळा, म्हणजे सूर्य उत्तरेला कललेला; उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर पोचला नाही तर सौर पट्ट्यांवर ऊन पडणार नाही आणि तो गोठून जाईल. चालकांनी त्याला उलटं चालवायचं ठरवलं. पाच चाकं ओढतील, सहावं मागून फरफटत येईल. तेव्हापासून स्पिरिटची चाकोरी बदलली. एका बाजूला चाकांचे ठसे, दुसऱ्या बाजूला नांगरानं काढल्यासारखं सलग तास.

माझ्या आईचा उजवा पाय पक्षाघातानंतर तसाच ओढला जायचा. नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर डाव्या पावलाचे सुटे सुटे ठसे आणि शेजारी उजव्या पायाची न तुटणारी रेघ. ती आत्ता घरात कुठे आहे हे त्या रेघेवरून कळायचं. तिची उजवी चप्पल अंगठ्याच्या बाजूनं तिरकी झिजायची आणि डावी नवीच्या नवी राहायची. ती असेपर्यंत मी त्या रेघेकडे बघायचं टाळत आले. स्पिरिटचे जुने फोटो मी क्रमानं बघायला घेतले तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या फोटोंतली रेघ मी टाळली नाही. एकेक फोटो मोठा करून पाहिली.

२००७ मध्ये, होम प्लेट नावाच्या एका ठेंगण्या पठाराजवळ, त्या मेलेल्या चाकानं काढलेल्या तासात पांढरी माती दिसली. तांबूस धुळीच्या पातळ थराखाली लख्ख पांढरी. उपकरणानं मोजलं तर ती सुमारे ९० टक्के शुद्ध सिलिका, म्हणजे काच ज्यापासून बनते ते द्रव्य, निघाली. पृथ्वीवर असा साठा तयार होतो तो गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी नाहीतर जमिनीतून वाफ फुटते त्या जागी, आणि पृथ्वीवर अशा जागा सूक्ष्मजीवांनी गजबजलेल्या असतात. आज कोरडाठाक आणि थंडगार असलेल्या त्या जागी कधीकाळी गरम पाणी नाहीतर वाफ असली पाहिजे. स्पिरिटनं सगळ्या मोहिमेत शोधलेली ही बहुधा सगळ्यात मोठी गोष्ट. सहाही चाकं धड असती तर ती पांढरी माती धुळीखाली तशीच राहिली असती आणि रोव्हर वरून निघून गेला असता.

याचा कुठलाही सुभाषितासारखा अर्थ मला काढायचा नाही. चाक बिघडलं ते वाईटच झालं. चालकांना पुढची तीन वर्षं प्रत्येक मीटरसाठी झगडावं लागलं. ओढलं जाणारं चाक गाडीला सारखं एका अंगाला खेचायचं आणि प्रत्येक आदेशात तो कल आधीच धरून दिशा द्यावी लागायची. आम्ही घरातलेही आईच्या उजव्या अंगानं चालायला असेच शिकलो होतो.

रुतलेलं चाक म्हटलं की आपल्याला कर्णच आठवतो. स्पिरिटचंही तसंच झालं. २००९ च्या एप्रिल-मे महिन्यात होम प्लेटच्या कडेनं जाताना जमिनीचा वरचा टणक पापुद्रा फुटला आणि चाकं खालच्या भुसभुशीत मातीत गेली. कर्णाला चाक बाहेर काढायची सवड मिळाली नाही. इथे माणसांनी पसाडेनात तशीच पिठूळ माती कालवली, तिच्यात दुसरा रोव्हर तसाच रुतवला आणि महिनोन्महिने सोडवण्याच्या युक्त्या करून पाहिल्या. प्रत्यक्ष मंगळावर प्रयत्न सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत मागचं उजवं चाकही गेलं. जानेवारी २०१० मध्ये नासानं जाहीर केलं की स्पिरिट आता हलणार नाही, जिथे आहे तिथूनच काम करील. चाकांनी उकरलेल्या त्या मातीत सल्फेटचे क्षार सापडले होते, वरच्या थराखाली कधीतरी पाणी झिरपलं असावं असं सांगणारे. शेवटचा संदेश २२ मार्च २०१० चा. त्या हिवाळ्यात अंग उत्तरेकडे कलतं करायला त्याला जागचं हलता आलं नाही.

स्पिरिटची चाकोरी भरली ७.७ किलोमीटर. जुळा भाऊ ऑपॉर्च्युनिटी ग्रहाच्या दुसऱ्या बाजूला ४५ किलोमीटर चालला. त्याच्या आधीचा विक्रम चंद्रावरच्या लुनोखोद २ या सोव्हिएत रोव्हरचा, १९७३ मधला. हा विक्रम मोडला की नाही हे ठरवायचं तर लुनोखोद नेमका किती चालला ते आधी कळायला हवं. मग चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं काढलेल्या फोटोंत लुनोखोदची चाकोरी शोधून, ४० वर्षांनी, ती वरून मोजली गेली. चंद्रावर वारा नाही, त्यामुळे ती तशीच होती. ३९ किलोमीटर भरली. मार्च २०१५ मध्ये ऑपॉर्च्युनिटीनं मॅरेथॉनचं अंतर पार केलं. लागलेला वेळ, ११ वर्षं.

मंगळावर मात्र वारा आहे आणि तो रेघा बुजवत जातो. शेवटच्या काही वर्षांत ऑपॉर्च्युनिटीच्या आठवणींचंही तेच झालं होतं. २०१४ च्या अखेरीपासून त्याची कायमची साठवण करणारी स्मृती चालेनाशी झाली. दिवसभरात पाहिलेलं रात्री झोपण्याआधी पाठवलं नाही तर ते पुसलं जायचं. ‘पुढे पाठ, मागे सपाट’ हे आपण पोरांना रागावताना म्हणतो. हा रोव्हर तीन वर्षांहून जास्त काळ तसा जगला आणि तरी रोज सकाळी नवं काम घेऊन निघत राहिला, कारण त्याची आठवण दुसऱ्या ग्रहावर कुणीतरी सांभाळत होतं.

जून २०१८ मध्ये साऱ्या मंगळावर धुळीचं वादळ उठलं. १० जूनला त्याचा शेवटचा संदेश आला. त्या दिवशी सौर पट्ट्यांतून मिळाले होते फक्त २२ वॉट-तास. ‘माझी बॅटरी संपत आली आहे आणि अंधारून येतंय’ हे त्याचे शेवटचे शब्द म्हणून जगभर फिरलं. ते त्याचं वाक्य नव्हतं. आकड्यांचा अर्थ सांगताना एका पत्रकारानं ते तसं लिहिलं होतं. लोक त्यावर रडले, मला त्यात गैर काही वाटत नाही. पण मला तो आकडाच पुरेसा होता. २२ वॉट-तास. घरातला एक साधा एलईडी बल्ब त्यावर दोन-तीन तास जळेल. शेवटचा फोटो काळोखाचा आहे, त्यावर पांढरे कण, आणि खालचा भाग पोचलाच नाही म्हणून निव्वळ काळा. पुढचे आठ महिने नासानं हजारावर आदेश पाठवून पाहिले आणि १३ फेब्रुवारी २०१९ ला मोहीम संपल्याचं सांगितलं. मीही ते आठ महिने रोज रात्री त्याचं पान उघडत होते. वारा सुटेल, पट्ट्यांवरची धूळ उडेल, असं वाटायचं, कारण तसं आधी अनेकदा झालं होतं.

या दोघांच्या मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ स्टीव्ह स्क्वायर्स म्हणत की रोव्हरला जे करायला दिवस लागतो ते माणूस मिनिटाच्या आत करील. खरं असेल. माणूस गेला तर तो भराभर चालेल, दगड उचलेल, फोडेल. पण आत्ता तिथे जे आहे ते हे संथ चालणं आहे, आणि त्यातही चाकाखाली आलेलं काही सुटत नाही. ३० मे २०२४ ला क्युरिऑसिटी एका दगडावरून गेला. मुद्दाम नव्हे, वाटेत आला म्हणून. जवळपास एक टन वजनाखाली दगड फुटला आणि आत पिवळेधमक स्फटिक दिसले. शुद्ध गंधक. मंगळावर गंधकाची संयुगं भरपूर सापडली होती, शुद्ध गंधक तोवर कुणी पाहिलं नव्हतं. आणि आजूबाजूला तसेच दगड विखुरलेले.

त्याची चाकं आता पाहवत नाहीत. ॲल्युमिनियमची, पत्रा पाऊण मिलिमीटर जाड. २०१३ च्या अखेरीस लक्षात आलं की जमिनीत घट्ट बसलेले टोकदार दगड ती फाडताहेत. तेव्हापासून ठराविक अंतरानं तो आपला हात वाकवून, हाताच्या टोकावरच्या कॅमेऱ्यानं, आपल्याच चाकांचे फोटो काढतो. तळहाताएवढी भगदाडं, आत वळलेल्या कडा, त्यांतून दिसणारी पलीकडची माती. डिंगो गॅपच्या वाळूवरून तो गेला तोही यासाठीच. पलीकडे दरीत जमीन मऊ होती, दगड कमी टोचणार होते. माझ्या संगणकावरचा तो फोटो म्हणजे पाय दुखत असलेल्याने शोधलेली मऊ वाट आहे, हे मला तो लावल्यानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं.

मंगळावरची पहिली चाकोरी या सगळ्यांच्या आधीची, जुलै १९९७ मधली. सोजर्नर, साडेदहा किलोंचा, ओव्हनएवढा. चाकाची रुंदी तीन-चार बोटांची. बाकीची चाकं रोखून एकच चाक गरागरा फिरवायचा आणि ते किती खोल जातं त्यावरून माती कशी आहे ते सांगायचा. ७ सोलांसाठी नेलेला, ८३ सोल चालला, एकूण १०० मीटर. पण लँडरपासून, म्हणजे त्याला घेऊन उतरलेल्या यानापासून, १२ मीटरपलीकडे कधी गेला नाही, कारण पृथ्वीशी बोलायचं तर ते लँडरच्याच मार्फत. २७ सप्टेंबर १९९७ ला लँडरकडून शेवटचा नीट संपर्क झाला आणि मग तो गप्प झाला. सोजर्नरच्या आज्ञावलीत अशा वेळेसाठी लिहून ठेवलं होतं: काही दिवस लँडरकडून काहीच आलं नाही तर त्याच्याजवळ परत जायचं आणि त्याच्याभोवती फेऱ्या मारत, बोलायचा प्रयत्न करत राहायचं.

काही वर्षांनी मंगळाभोवती फिरणाऱ्या एका यानानं त्या जागेचा वरून फोटो काढला. लँडर दिसतो, उघडलेल्या पाकळ्यांचा एक फिकट ठिपका. साडेदहा किलोंच्या गाडीची चाकोरी दिसावी इतका तो फोटो बारकाईचा नाही. मी तरी तो मोठा करून बघितला आहे, कितीदा तरी, लँडरच्या भोवती, गोल.